पंधरा किलोमीटरनंतर दर वेळी बंद पडणारी गाडी : टाकी बदललेल्या छोट्या मोटारसायकलचे निदान

घरी टाकी, हँडल आणि सीट बदललेली शंभर सीसीची मोटारसायकल गावात व्यवस्थित चालते, पण मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने बारा-पंधरा किलोमीटर गेली की धापा टाकू लागते, ॲक्सिलरेटर वाढवला तर आणखीच बसते आणि अखेर बंद पडते. दहा मिनिटे उभी केली की एक-दोन किकमध्ये सुरू होते आणि काही झालेच नव्हते अशी चालू लागते. पुन्हा तेवढेच अंतर गेले की पुन्हा तेच. ज्यांनी ज्यांनी घरच्या पडवीत अशी गाडी बांधली आहे, त्यांतल्या अनेकांना हे लक्षण ओळखीचे असेल. माझे यात तीन महिने गेले. या काळात मी तीन प्लग, एक इग्निशन कॉइल आणि एक सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलले, कार्बोरेटर चार वेळा उघडला, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी बरी झाली असे एक-दोन दिवस मनापासून वाटत राहिले. खरा दोष टाकीच्या झाकणात होता. तो इतके दिवस का सापडला नाही, हे सांगणे मला दोष सांगण्याइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण त्या चुकीमुळे पुढचे सगळे खर्च झाले.

गाडी वडिलांची आहे, २००२ सालची स्प्लेंडर, ९७.२ सीसीचे इंजिन, ५० मिलिमीटर बोअर, ४९.५ मिलिमीटर स्ट्रोक. आमचे घर वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या बाजूला आहे आणि घराच्या पडवीतच भाच्याने आणि मी मिळून गेल्या हिवाळ्यात हे काम केले. चेसीला करवत लावायची नाही, इंजिनाला हात लावायचा नाही आणि जुने सर्व भाग सांभाळून ठेवायचे, असे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते. जुन्या सामानाच्या बाजारातून दुसऱ्या एका गाडीची लांबट, गुडघ्यांपाशी खोलगट टाकी आणली, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तिच्यासाठी पट्ट्या वाकवून घेतल्या, हँडल खाली घेतले आणि सीट एकट्याची केली. टाकीला बाहेरून रंग आणि वर पारदर्शक लॅकर दिला. झाकणही टाकीबरोबरच रंगवले. त्याचे रबरी गॅस्केट फुगून मऊ पडले होते, म्हणून रबराच्या चादरीतून नवे गोल गॅस्केट कापून बसवले. आता मागे वळून पाहिले की दोष याच शेवटच्या दोन वाक्यांत आहे, पण त्या वेळी ते सजावटीचे काम वाटले होते.

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती आजव्याच्या रस्त्यावर. शहरापासून आजवा सरोवर वीस-बावीस किलोमीटर आहे आणि रस्ता एकसारख्या वेगाने चालवण्यासारखा असल्यामुळे चाचणीला तोच निवडला होता. गाडी ढकलत सेवउसळीच्या एका गाड्यापाशी नेली, टाकीचे झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहिले, प्लग काढून पुसला, प्लेट संपवली आणि किक मारली. गाडी सुरू झाली. साहजिकच मी ठरवले की प्लग खराब होता. दुसऱ्या वेळी पुन्हा झाकण उघडून पेट्रोल पाहिले, कॉइलच्या वायरी घट्ट केल्या, गाडी सुरू झाली, आणि दोष कॉइलवर गेला. तिसऱ्या वेळी सीडीआयवर. गाडी बंद पडली की झाकण उघडून पेट्रोल पाहणे ही आपल्या सर्वांची पहिली हालचाल असते, आणि या दोषात नेमकी तीच हालचाल पुरावा नाहीसा करते. झाकण उघडताच बाहेरची हवा आत शिरून टाकीतली पोकळी भरून निघते, पेट्रोल पुन्हा वाहू लागते, आणि श्रेय त्यानंतर हाताला लागलेल्या पहिल्या भागाला मिळते.

रावपुऱ्यातल्या एका वयस्कर मेकॅनिक काकांना फोनवर सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "गाडी बंद पडल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी काय उघडता?" मी झाकण म्हटल्यावर ते म्हणाले, "आता झाकणाला हात लावू नका. आधी वाटी बघा." त्यानंतरचे सर्व निदान या वाक्यापासून सुरू झाले.

बंद पडल्या जागी काय पाहावे

वाटी म्हणजे कार्बोरेटरच्या तळाची फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगीची, वाटी. तिच्या खाली एक निचऱ्याचा स्क्रू असतो. गाडी बंद पडली की इग्निशन बंद करावे, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करावा, झाकणाला अजिबात हात लावू नये आणि दहा-पंधरा मिनिटांऐवजी एक-दोन मिनिटांतच, निचऱ्याच्या नळीखाली छोटी पारदर्शक बाटली धरून हा स्क्रू सैल करावा. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असतात, म्हणून नळी लांब आणि बाटलीत खोलवर गेलेली असावी, थेंबही बाहेर सांडू नये आणि आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नसावे. नळी नसेल तर ही चाचणी रस्त्यावर करूच नये. वाटीतून नेहमीएवढे पेट्रोल आले तर इंधन पोहोचत आहे आणि दोष ठिणगीकडे किंवा कॉम्प्रेशनकडे शोधावा. माझ्या गाडीतून जेमतेम काही थेंब आले. टाकी अर्धी भरलेली, गाडी चालताना कॉक उघडा होता, आणि वाटी कोरडी. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी निश्चित कळले होते.

बंद पडण्याच्या क्षणाआधीही गाडी बरेच सांगते. पेट्रोल कमी पडून बंद पडणारे इंजिन हळूहळू बसते: आधी वरचा वेग जातो, मग धापा लागतात, ॲक्सिलरेटर कमी केला तर जरा सावरते. अशा वेळी चालत्या गाडीत चोक ओढून पाहावा. चोक ओढल्यावर क्षणभर ताकद आली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे हे जवळजवळ नक्की समजावे. ठिणगी जाऊन बंद पडणारे इंजिन मात्र दिव्याचे बटण दाबावे तसे एकदम गप्प होते, किंवा झटके देते. चोकचा त्याच्यावर काही उपयोग होत नाही. हा फरक लक्षात घेतला असता तर माझे कॉइल आणि सीडीआयचे पैसे वाचले असते, कारण माझी गाडी दर वेळी हळूहळूच बसत होती.

आणखी एक खूण होती आणि ती मी विचित्र म्हणून सोडून दिली होती. ज्या दिवशी टाकी पूर्ण भरून निघालो, त्या दिवशी गाडी लवकर बंद पडली, पाच किलोमीटरच्या आत. पेट्रोल कमी पडण्याचा दोष असेल तर भरलेल्या टाकीत तो सर्वांत शेवटी दिसायला हवा, असे वाटते. झाकण बंदिस्त असेल तर उलटे होते, आणि ते का होते हे थोड्या हिशेबाने समजते.

हिशेब

माझी गाडी लिटरला साधारण ५५ किलोमीटर देते. ताशी ५५ किलोमीटर वेगाने ती तासाला एक लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल घेते. टाकीतून जेवढे पेट्रोल जाते तेवढ्याच आकारमानाची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक बारीक छिद्र असते, बहुधा कुलपाच्या पट्टीखाली लपलेले, आणि हवा वळणावळणाच्या वाटेने आत जाते. ते छिद्र पूर्ण बुजले असेल तर दोष लगेच कळतो. अर्धवट बुजले असेल तर गोंधळ होतो. समजा ते मिनिटाला ११ मिलिलिटर हवाच आत सोडते. गावातल्या थांबत-थांबत चालण्यात मिनिटाला ८-१० मिलिलिटर पेट्रोल लागते, तेव्हा काहीच बिघडत नाही. मोकळ्या रस्त्यावर मात्र दर मिनिटाला ६ मिलिलिटरची तूट साचत जाते.

किती तूट झाली की पेट्रोल थांबते? माझ्या टाकीतली पेट्रोलची पातळी कार्बोरेटरच्या फ्लोटपेक्षा साधारण २४ सेंटिमीटर वर होती. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणजे हा दाब जेमतेम १८ सेंटिमीटर पाण्याइतका. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत तो दोन टक्क्यांहूनही कमी आहे. टाकीतल्या हवेचा दाब एवढा घटला की पेट्रोल जागच्या जागी लटकून राहते. पंपाने पेट्रोल ढकलणाऱ्या गाडीला ही तूट जाणवलीही नसती. आपल्या छोट्या गाड्या केवळ उंचीच्या जोरावर चालतात, म्हणून त्यांना ती लगेच भोवते. अर्ध्या टाकीत पाच लिटर हवा असेल तर तिच्या दोन टक्क्यांहून थोडे कमी म्हणजे सुमारे ८५ मिलिलिटर. मिनिटाला ६ प्रमाणे ही तूट साचायला चौदा मिनिटे लागतात, आणि ताशी ५५च्या वेगाने चौदा मिनिटांत तेरा किलोमीटर होतात. गाडी उभी केल्यावर मिनिटाला ११ मिलिलिटर हवा आत येत राहिली तर आठ मिनिटांत भरपाई होते. भरलेल्या टाकीत हवा लिटरभरच असल्यामुळे थोडीशी तूटही दाब झटकन खाली आणते. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ आणि टाकीचे तापणे-निवणे यांमुळे आकडे मागेपुढे होतात, पण पंधरा किलोमीटर, दहा मिनिटांची विश्रांती आणि भरलेल्या टाकीचा तो विचित्र अनुभव या तिन्ही गोष्टी एकाच हिशेबात बसल्या, तेव्हा मला वहीवरून उठून भाच्याला हाक मारल्यावाचून राहवले नाही.

टाकीच्या तापण्यावरून आणखी एक गोष्ट उलगडली. पहिल्या पावसात हा त्रास एकदम वाढला होता आणि मी पाणी शिरल्याची शंका घेऊन सगळ्या वायरी सुकवत बसलो होतो. तापलेल्या टाकीवर पाऊस पडला की आतली हवा आणि वाफ आकसते, पोकळी लवकर तयार होते. उन्हात उभ्या केलेल्या टाकीत याच्या उलट दाब वाढलेला असतो आणि झाकण उघडताना हवा बाहेर सुटते. म्हणून झाकण उघडताना आलेला फुसकारा एवढ्यावर भागत नाही. तो आत गेला की बाहेर आला हे पाहावे लागते. टिश्यू पेपरचा बोटभर तुकडा झाकणाच्या कडेला धरला की तो आत ओढला जातो की बाहेर फडफडतो हे स्पष्ट दिसते.

लेव्हलच्या नळीची चाचणी

रस्त्यावर वाटी कोरडी निघाली म्हणजे पेट्रोल पोहोचत नाही एवढेच सिद्ध झाले. झाकण, कॉकची जाळी, नळी, फिल्टर, फ्लोटची सुई यांतले कोण अडवत आहे हे ठरवायला आम्ही घरी एक चाचणी केली. ती मी कोणालाही आग्रहाने करायला सांगेन, कारण तिला शंभर रुपयांचेही सामान लागत नाही आणि ती दोन दोष एकमेकांपासून स्वच्छ वेगळे करते.

इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी पडवीबाहेर उघड्यावर आणून, कॉकखालची नळी काढली आणि तिथे पितळेचा टी-जोड लावला. टी-जोडाच्या एका तोंडाला गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी जोडून ती टाकीच्या कडेने उभी, टाकीपेक्षा उंच बांधली; वरचे तोंड उघडे ठेवले. दुसऱ्या तोंडाला आखूड नळी आणि चिमटा लावून ती मापाच्या बाटलीत सोडली. कॉक उघडला की उभ्या नळीतले पेट्रोल टाकीतल्या पातळीइतके चढते. झाकण उघडे असेल तर ते तिथेच राहते. झाकण बंद करून बाटलीत पेट्रोल सोडायला सुरुवात केली, चिमटा मिनिटाला साधारण ३० मिलिलिटर येईल एवढाच सैल ठेवला आणि दर मिनिटाला चिमटा दाबून, प्रवाह थांबवून, उभ्या नळीतली पातळी पाहिली.

पातळी वाचताना प्रवाह थांबवायचा असतो, आणि चाचणीचे सगळे मर्म तिथेच आहे. कॉकची जाळी किंवा नळी तुंबली असेल तर पेट्रोल वाहताना उभ्या नळीतली पातळी खाली जाते, पण प्रवाह थांबवताच ती टाकीच्या पातळीला परत येते. झाकण बुजले असेल तर प्रवाह थांबवल्यावरही ती खालीच राहते, कारण टाकीत पोकळी आहे. आमच्या नळीवर भाच्याने खडूने खुणा केल्या होत्या. दोन मिनिटांनंतर चिमटा दाबला तेव्हा पातळी मूळ खुणेपासून दहा सेंटिमीटर खाली होती आणि खालीच थांबली. "मामा, हे वर येतच नाहीये," असे तो म्हणाला, तेव्हा त्याचे बोट खुणेवर तसेच होते. चौथ्या मिनिटाला पातळी एकवीस सेंटिमीटर खाली आली आणि बाटलीत धारेऐवजी थेंब पडू लागले. मग मी झाकणाचे कुलूप फिरवले. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि नळीतले पेट्रोल एका दमात खडूच्या वरच्या खुणेपर्यंत उसळले. ज्या प्रश्नाने एवढे दिवस घेतले होते, त्याचे उत्तर हातभर नळीत डोळ्यांसमोर उभे होते.

पेट्रोलमुळे ती नळी कडक होऊ लागते, तेव्हा चाचणी झाली की ती काढून टाकावी. ती कायमची इंधनाची नळी म्हणून कधीही वापरू नये.

झाकण सोडवून पाहिले. कुलपाच्या पट्टीखालच्या छिद्रावर लॅकरचा पातळ पडदा धरला होता, आणि मूळ गॅस्केटला हवा जाण्यासाठी असलेली छोटी खाच मी कापलेल्या नव्या गॅस्केटला नव्हतीच. हवा कुठून तरी फटीतून, कशीबशी आत येत होती. छिद्र तारेने मोठे करण्याचा मोह टाळावा. वळणाची वाट आणि बारीक छिद्र यांमुळेच गाडी आडवी झाली तर पेट्रोल बाहेर येत नाही. थिनरमध्ये झाकण भिजवून, हवेच्या दाबाने छिद्र मोकळे केले आणि गॅस्केट मूळ नमुन्याबरहुकूम, खाच ठेवून, पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे पुन्हा कापले. साध्या रबराची चादर घेऊ नये. २०२५पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांचे किंवा साधे रबर त्यात फुगते; झाकणाचे जुने गॅस्केट फुगले होते ते बहुधा यामुळेच. खात्रीसाठी चाचणी पुन्हा केली: दहा मिनिटे पेट्रोल सोडूनही पातळी टाकीतल्या पेट्रोलइतकीच उतरली, त्याहून कमी झाली नाही.

तरीही त्रास राहिला तर

आजव्याला तीन फेऱ्या निर्विघ्न झाल्या आणि नंतर एका दुपारी, गावातल्या गर्दीत, हळू वेगाने, गाडी पुन्हा धापा टाकू लागली. लक्षण तेच दिसले तरी परिस्थिती वेगळी होती: हळू वेग, तापलेले इंजिन, टाकी चतुर्थांश. हा दुसरा दोष पहिल्याच्या आड लपला होता. नव्या टाकीचा कॉक मूळ जागेपेक्षा मागे आणि खाली आला होता, त्यामुळे जुनी लांब नळी मी वळवून, इंजिनाच्या डोक्याजवळून वर चढवून पुन्हा खाली आणली होती आणि मधे मोटारीसाठी असतो तसा कागदी फिल्टर आडवा बसवला होता. अशा उंचवट्यात वाफेचा बुडबुडा अडकतो. टाकी भरलेली असताना पेट्रोलचे वजन त्याला ढकलून देते, पातळी उतरली की ते जमत नाही. कागदी फिल्टर पंपाच्या दाबासाठी केलेला असतो. केवळ उंचीवर चालणाऱ्या छोट्या गाडीत तो वाट अडवतो. नळी आखूड करून कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतरती ठेवली, इंजिनाच्या डोक्यापासून दोन बोटे दूर घेतली आणि फिल्टरच्या जागी छोटी जाळी लावली. पाच मिनिटांचे काम, आणि ते टाकी बसवण्याच्या दिवशीच नीट करायला हवे होते.

टाकी सरकवल्यावर कार्बोरेटरच्या वाटीची स्वतःची हवेची नळीही कुठे दबली नाही ना, हे त्याच वेळी पाहावे. नळ्या नीटनेटक्या बांधण्याच्या नादात ती पट्टीखाली चेमटली जाते आणि त्रास अगदी झाकणासारखाच होतो.

जुनी टाकी आणली असेल तर आतला गंज पाहावा. विश्वामित्रीच्या ऑगस्ट २०२४च्या पुरात आपल्या शहरात किती गाड्या पाण्यात राहिल्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्या गाड्यांच्या टाक्या आणि सुटे भाग बाजारात येतातच. गंजाचे कण जाळीवर बसतात, उभ्या नळीच्या चाचणीत प्रवाह थांबवल्यावर पातळी परत येते, आणि जाळी धुतली की चार दिवसांनी दोष पुन्हा हजर होतो. अशा टाकीला आतून स्वच्छ करण्यापलीकडे इलाज नाही.

वाटी भरलेली निघाली तर शोध ठिणगीकडे वळवावा. बंद पडल्याबरोबर जवळचा दुसरा प्लग टोपीत घालून, प्लगच्या छिद्रापासून आणि कार्बोरेटरपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून किक मारावी. ठिणगी नसेल तर मॅग्नेटोमधील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातील, कॉइल तापल्यावर तुटत असण्याची शक्यता असते. ती निवली की जोडली जाते, म्हणून हा दोषही दहा मिनिटांच्या विश्रांतीने बरा होतो आणि झाकणाच्या दोषाशी हुबेहूब जुळतो. मल्टिमीटरने थंड आणि गरम असे दोन्ही वेळचे रेझिस्टन्स मोजावेत. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, साठ अंशांच्या वाढीला साधारण चोवीस टक्के. तेवढी वाढ निरोगी आहे. गरम असताना मीटर अनंत दाखवू लागला तर कॉइल गेली. माझ्या गाडीसारख्या जुन्या मॉडेलमध्ये सीडीआय मॅग्नेटोवरच चालते, बॅटरीवर नाही, त्यामुळे बॅटरी बदलून या दोषात काही साधत नाही.

घरी बदललेल्या गाड्यांत ठिणगीचे आणखी दोन नेहमीचे दोष असतात. चेसीला पावडर कोटिंग केले असेल तर अर्थिंगचा बोल्ट रंगावर बसतो. तिथला रंग घासून धातू उघडा करावा. हँडल खाली घेतले असेल तर स्टिअरिंगपाशी वायरी ताणल्या जातात, आणि इंजिन बंद करणारी काळी-पांढरी वायर चेसीला घासली तर इंजिन क्षणात बंद होते. उभ्या गाडीचे इंजिन सुरू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत चार-सहा वेळा फिरवले की हे लगेच पकडता येते.

किक एकदम हलकी लागत असेल तर प्रश्न कॉम्प्रेशनचा, कदाचित व्हॉल्व्हच्या फटीचा, असू शकतो आणि वरचे काहीही लागू नाही.

बदल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतल्या उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केले, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. रंग बदलला तरी नोंद करावी लागते. म्हणून मूळ टाकी, मूळ हँडल आणि मूळ सीट आमच्या माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवली आहेत, आणि टाकीच्या पट्ट्या अशा केल्या आहेत की चार बोल्टांत जुनी टाकी परत बसते. निदानासाठीही याचा मोठा उपयोग आहे: शंका आली की मूळ टाकी चढवून त्याच रस्त्याने तेवढेच अंतर जावे. दोष गेला तर तो बदललेल्या भागांत आहे आणि इंजिन, कॉइल, सीडीआय यांना मोकळीक मिळते. मी ही तुलना पहिल्याच आठवड्यात केली असती तर मूळ टाकीने आजवा गाठलाच असता.

आता गाडी आजव्याला जाऊन येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर न थांबता करते. झाकणाच्या गॅस्केटची खाच दर महिन्याला तेल-बदलाच्या वेळी उघडून पाहतो, आणि पितळी टी-जोड आणि चिमटा पडवीतल्या खिळ्यावर टांगलेले आहेत; लेव्हलच्या नळीचा मात्र पुढच्या वेळी नवा तुकडा आणावा लागेल.